देखाव्यातली वीज जरा आवरा : गणेशोत्सव मंडळाच्या देखावा समितीस खुले पत्र

प्रति,
देखावा समिती आणि कार्यकारिणी,
आमच्या गल्लीचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ,
पाचपाखाडी, ठाणे (प.)

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या देखाव्याला ‘पृथ्वीवर जीव कसा आला’ हा विषय घेतल्याचे कळले आणि मनापासून बरे वाटले. आजवर आपण किल्ले उभारले, मंदिरे उभारली, थर्माकोलच्या जमान्यात बर्फाचे डोंगरही उभारले. यंदा या सगळ्याच्या आधीच्या गोष्टीला हात घातलात. संहितेची प्रत फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, ती वाचून हे पत्र लिहितो आहे. खुले अशासाठी, की बैठकीत मी बोलायला उभा राहिलो की खजिनदार घड्याळाकडे बघू लागतात.

संहितेत अंधार आहे, खवळलेला समुद्र आहे, गडगडाट आहे. मग वीज पडते, पाण्यातून धूर निघतो आणि निवेदक म्हणतो, ‘त्या क्षणी पहिला जीव जन्मला!’ पुढच्या अर्ध्या मिनिटात मासा, बेडूक, डायनासोर, माकड, माणूस, आणि शेवटी बाप्पावर प्रकाशझोत. टाळ्या पडतील, शंकाच नाही. पण वीज पडली आणि जीव झाला, असे एखाद्या पोथीत लिहिलेले असते तर तुमच्यातलेच दोघे-तिघे गालातल्या गालात हसले असते. तेच वाक्य शास्त्रज्ञांच्या नावावर खपवले म्हणून त्याचे विज्ञान होत नाही.

माझी हयात ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यांत गेली. रिअ‍ॅक्टरमध्ये माल चार्ज करायचा, तापमान सांभाळायचे, बॅच उतरली की यील्ड, म्हणजे हाती किती माल आला ते, मोजायचे. ‘कसे झाले?’ या प्रश्नाला ‘झाले एकदाचे’ हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून या विषयात मला सगळ्यात रस वाटतो तो अडचणींमध्ये, आणि संहितेतून नेमक्या त्याच गाळल्या आहेत.

तुमची वीज आली कुठून, ते मला माहीत आहे. १९५२ मध्ये शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी या गुरूच्या हाताखाली एक प्रयोग केला. काचेची बंद उपकरणमाला. खालच्या चंबूत उकळते पाणी, तो आदिम समुद्र. वरच्या मोठ्या चंबूत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि खालून येणारी वाफ, ते आदिम वातावरण. त्यात दोन इलेक्ट्रोडमधून सतत ठिणग्या. पुढे कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी होऊन ते फिरत राहावे. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबीसर दिसू लागले, आठवडा संपेपर्यंत गडद लाल आणि गढूळ झाले. त्या पाण्यात त्याला ग्लायसीन, अ‍ॅलानीन अशी अमिनो आम्ले सापडली. आपल्या शरीरातली प्रथिने ज्यांची बनतात, ती. मे १९५३ मध्ये निबंध छापून आला आणि जगभर खळबळ उडाली.

खळबळ रास्तच होती. पण तुमच्या संहितेतले ‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जीव निर्माण केला’ हे वाक्य कृपया खोडा. मिलरने जीव निर्माण केला नाही, तसा दावाही केला नाही. त्याने कच्चा माल तयार केला. तोही किती? मिथेनमधून घातलेल्या कार्बनपैकी ग्लायसीनच्या वाट्याला जेमतेम २ टक्के आले. मोठा वाटा डांबरासारख्या चिकट गाळात गेला. ज्याने कधी रिअ‍ॅक्टरच्या तळाचे टार खरवडून काढले आहे, त्याला हा गाळ ओळखीचा वाटेल. मिलर २००७ मध्ये गेला. त्याच्या सामानात १९५०च्या दशकातल्या नमुन्यांच्या कुप्या लेबलांसकट निघाल्या. त्याच्या शिष्याने, जेफ्री बाडा याने, सहकाऱ्यांसह नव्या यंत्रांवर त्या तपासल्या. ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल करणाऱ्या उपकरणातल्या नमुन्यांत विसाहून अधिक अमिनो आम्ले निघाली. जुना नमुना फेकायचा नाही, हे आमच्या क्यूसीच्या (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या) लोकांना मी कायम सांगत असे.

मधल्या काळात भूशास्त्रज्ञांचे मत बदलले. आदिम पृथ्वीच्या हवेत मिथेन आणि अमोनियाची रेलचेल नव्हती, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त होते, असे आज बहुतेकांना वाटते. तशा हवेत नुसत्या ठिणग्यांनी माल फारच थोडा तयार होतो. तेव्हा विजेला कामावरून काढू नका, पण तिचा पगार कमी करा. सूर्याचे अतिनील किरण होते (अडवायला ओझोनचा थर नव्हता), ज्वालामुखी होते, उल्कांचा मारा होता. वीज या टोळीतली एक.

आता एक गंभीर गोष्ट. काही उत्साही कार्यकर्त्यांनी मिलरचा प्रयोग मंडपात ‘लाइव्ह’ करायचे ठरवले आहे, सिलिंडरची चौकशीही चालू आहे, असे ऐकतो. मिथेन, हायड्रोजन आणि ठिणगी. मिलरने आधी उपकरणातली सगळी हवा पंपाने ओढून काढली होती, कारण हवा आत राहिली तर स्फोट ठरलेला. कापडी मंडप, झुंबरे, दर्शनाची रांग, कडेवर पोरे. हे करायचे नाही म्हणजे नाही. काचेची प्रतिकृती करा, आत एलईडी लावा, पाण्यात दिवसागणिक थोडा लाल रंग वाढवत न्या. पहिल्या दिवशी गुलाबी, सातव्या दिवशी लाल. रोज दर्शनाला येणारी मुले बरोबर हेरतील.

अमिनो आम्ले झाली असे धरू. पुढे काय? त्यांच्या साखळ्या व्हायला हव्यात, आणि घोडे इथेच पेंड खाते. दोन अमिनो आम्ले जोडली जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती समुद्रच असेल तर गाडी उलटी धावते. जोडलेले सुटत जाते. एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारा पदार्थ, त्यातही पाणीच बाहेर पडते) बनवणाऱ्या कुठल्याही ऑपरेटरला विचारा. डीन-स्टार्क हे पाणी वेगळे करणारे उपकरण लावून पाणी काढत राहिल्याशिवाय रिअ‍ॅक्शन पुढे सरकत नाही. जीवाला पाणी हवे आणि जीवाच्या साखळ्यांना पाणी नको, असा हा पेच.

त्यावर एका गटाचे उत्तर असे, की समुद्र सोडा, जमिनीवरचे तळे घ्या. डार्विनने १८७१ मध्ये हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात कोमट पाण्याच्या लहानशा तळ्याची कल्पना केली होती. त्यात अमोनिया, फॉस्फेटचे क्षार, उजेड, उष्णता, वीज, सगळे. आजच्या रूपात ते ज्वालामुखीजवळचे गरम झऱ्याचे डबके आहे. ते भरते, आटते, पुन्हा भरते. आटताना माल दाट होतो आणि साखळ्या जुळतात. भरताना त्या मोकळ्या होऊन मिसळतात. दाट होणे म्हणजे काय ते बघायला भांडुप-मुलुंडकडच्या मिठागरात उभे राहिले तरी पुरे. शिवाय गोड्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. साबणासारखी मेदाम्ले पाण्यात आपोआप गोळा होऊन पातळ पडद्याचे फुगे करतात, आणि पेशीचे पहिले आवरण असेच असावे असे मानतात. समुद्राच्या खारट, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या पाण्यात हे फुगे टिकत नाहीत. साबणाला फेस येत नाही त्या बोअरवेलच्या पाण्याचा अनुभव आपल्या घोडबंदर रोडच्या मंडळींना आहेच.

डेव्हिड डीमर हा या गटातला मोठा माणूस. त्याची एक हकीकत मला फार आवडते. प्रयोगशाळेत फुगे छान येत होते, म्हणून तो रशियातल्या कामचाटकात गेला आणि ज्वालामुखीजवळच्या खऱ्याखुऱ्या गरम डबक्यात सगळा माल ओतला : अमिनो आम्ले, आरएनएचे (डीएनएच्या भावंड-रेणूचे) घटक, फॉस्फेट, मेदाम्ल. काठाला पांढरा फेस आला. पण बहुतेक माल तळाच्या चिकणमातीने काही तासांतच ओढून घेतला आणि पुढे काहीच घडले नाही. लॅबमध्ये जमलेली बॅच प्लांटवर आपटते, ती अशी. आणि त्याने ते लपवले नाही, छापले. तुमच्या संहितेला असा एक प्रसंग हवा.

आपल्याकडेही हे काम चालते. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा याच ओल्या-सुक्या चक्रांवर आणि मेदाम्लांच्या पडद्यांवर संशोधन करते. आणि गरम झऱ्यांसाठी कामचाटकाला जायला नको. गणेशपुरी-अकलोलीची कुंडे आपल्याच जिल्ह्यात, तानसेच्या काठी आहेत. तिथले चित्रण जरूर करून आणा. फक्त ‘याच कुंडात जीव जन्मला’ असे निवेदकाला सुचू देऊ नका. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात सूक्ष्मजीवांच्या थरांचे जे ठसे दगडात सापडले आहेत, ते ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पृथ्वी स्वतः ४५४ कोटींची.

दुसरा गट म्हणतो, तळे-बिळे राहू द्या, खोल समुद्रात चला. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे सापडले आणि तिथे, सूर्याचा किरणही पोचत नाही अशा जागी, जीवांची वस्ती दिसली. पण उगमाच्या दृष्टीने खरी मजा २००० साली अटलांटिकमध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ची. तिथे पांढऱ्या चुनखडीच्या चिमण्या आहेत, काही ६० मीटर उंच, म्हणजे आपल्याकडच्या वीस मजली टॉवरएवढ्या. पाणी ४० ते ९० अंशांचे आणि अल्कधर्मी, पीएच ९ ते ११. खडक आणि पाण्याच्या रिअ‍ॅक्शनमधून हायड्रोजन फुकट मिळतो. चिमणीच्या सच्छिद्र भिंतीच्या आत अल्कधर्मी पाणी, बाहेर त्या काळचा किंचित आम्लधर्मी समुद्र. दोहोंत प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या धनभारित कणांच्या, प्रमाणाचा फरक. आणि आज, हे पत्र वाचताना, तुमच्या पेशींत ऊर्जा तयार होते ती पातळ पडद्याच्या दोन बाजूंच्या अशाच फरकावर. हा शोध लावणाऱ्या पीटर मिचेलला १९७८ चे नोबेल मिळाले. मायकेल रसेल, बिल मार्टिन, निक लेन ही मंडळी या गटातली. मला व्यक्तिशः हा विचार सगळ्यात देखणा वाटतो, कारण त्यात कच्च्या मालाआधी वीजजोडणीचा विचार केला आहे. पण पाण्याचा पेच तिथे सुटत नाही, उलट वाढतो; आणि आरएनए अल्कधर्मी पाण्यात झपाट्याने तुटतो. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनीही हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवर समुद्रतळावरचा एक उष्ण झरा कॅमेऱ्यात टिपला. ते छायाचित्र फलकावर लावता येईल.

आरएनएचे नाव संहितेत कुठेच नाही, याचे आश्चर्य वाटले. कोंबडी आधी की अंडे आधी, ही भानगड रसायनशास्त्रातही आहे. डीएनएची नक्कल करायला प्रथिने लागतात आणि प्रथिने बनवायची कृती डीएनएत असते. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले, की आरएनए कृती साठवतो आणि कामही करतो. दोघांना १९८९ चे नोबेल मिळाले. पुढे रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राची, रचना उलगडली तेव्हा दिसले, की प्रथिनांचे सांधे जोडणारा गाभाच आरएनएचा आहे. त्या कामाचे २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत चिदंबरममध्ये जन्मलेले वेंकी रामकृष्णन होते. म्हणून पुष्कळांचे मत, की आधी आरएनएचे जग होते.

हे पटते, पण मग आरएनए कोणी बनवला? त्यातली शर्करा, रायबोज, बनवायची जुनी वाट फॉर्मल्डिहाइड आणि चुना. ही रिअ‍ॅक्शन १८६१ पासून माहीत आहे. तिच्यात नाना शर्करांची खिचडी होते, रायबोज नावापुरता, आणि जरा जास्त वेळ ठेवले की सगळे तपकिरी होऊन वाया. २००९ मध्ये जॉन सदरलँड आणि सहकाऱ्यांनी रायबोजला वळसा घालून आरएनएचे दोन घटक बनवून दाखवले. त्या गटाने पुढे मांडलेल्या रसायनशास्त्रात मुख्य माल हायड्रोजन सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड. दुसऱ्याचा वास तुम्हाला माहीत आहे : ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून जाताना खाडीच्या चिखलाचा येतो तो. (तो आज चिखलातले जीवाणू बनवतात, तेव्हा ज्वालामुखी बनवत असत.) आणि सायनाइड? त्याच्या नावाने आम्ही मास्क चढवायचो. पण हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू जोडले की अ‍ॅडेनीन होते, डीएनएच्या चार अक्षरांतले एक. होआन ओरो याने १९६० मध्ये ते करून दाखवले. माणसाला मारणाऱ्या वायूतून माणसाच्या वंशावळीची शाई, हे निवेदकाच्या तोंडी शोभेल. टीकाकारांचा आक्षेप मात्र रास्त आहे : प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी माल शुद्ध करून, मोजून, वेळेवर पुढच्या चंबूत ओततो. आदिम पृथ्वीवर शिफ्ट इन्चार्ज नव्हता.

राहिला अवकाशाचा मुद्दा, आणि इथे जपून. ‘डॉ. जयंत नारळीकरांनी सिद्ध केले की जीव अंतराळातून आला’ हे वाक्य संहितेत ठळक अक्षरांत आहे. मराठी माणसाचे नाव आले की छाती फुगते, माझीही फुगते. पण त्यांनी काय केले ते नीट सांगू या. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांचा दावा होता, की धूमकेतूंबरोबर सूक्ष्मजीव येतात. नुसते वाद घालण्यापेक्षा तपासून बघू, म्हणून नारळीकर आणि सहकाऱ्यांनी इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून मोठे बलून सोडले आणि वरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून. त्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, २००९ मध्ये जाहीर झाल्या. एकीला हॉइलचे नाव दिले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. मात्र हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यातून ठामपणे ठरत नाही, हे इस्रोने त्याच वेळी सांगितले. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. पुरावा असेल तेवढेच बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी न केलेला दावा घालून आपण त्यांचा कसला सन्मान करणार?

जीव नाही, पण कच्चा माल वरून येतो, हे मात्र पक्के आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले सापडली. नासाच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, की जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले तिच्यात आहेत, डीएनए-आरएनएची पाचही अक्षरे आहेत, आणि खारे पाणी आटल्यावर उरणारे क्षारही आहेत. म्हणजे मिठागर तिथेही होते! एक मेख आहे. अमिनो आम्लांची डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात. जीव प्रथिनांसाठी फक्त डावे वापरतो. बेन्नूवर दोन्ही जवळपास सारखी निघाली. डावेच का निवडले गेले, याचे उत्तर तळेवाल्यांकडे नाही, समुद्रवाल्यांकडे नाही, आणि लघुग्रहानेही दिले नाही.

बैठकीत कुणीतरी म्हणाले म्हणे, की शास्त्रज्ञांनाच माहीत नाही तर विषयच बदला, चारधाम करू. कृपा करून बदलू नका. ठाऊक नाही असे नाही. कुठे अडले आहे ते अगदी नेमके ठाऊक आहे, आणि ते दाखवण्यासारखे आहे. माझी सूचना अशी : मध्यभागी मिलरचे काचकाम, भोवती तीन चबुतरे. एकावर आटणारे-भरणारे डबके. मासे पाळतात त्या टाकीचा छोटा पंप आणि टायमर पुरेल. दुसऱ्यावर पांढऱ्या चिमण्या. कागदाच्या लगद्याच्या करा, पीओपी नको. तिसऱ्यावर काळा उल्कापाषाण. प्रत्येक चबुतऱ्यापाशी दोन आवाज ठेवा, एक बाजू मांडणारा, एक हरकत घेणारा. हरकत घेणारा आवाज शाळकरी मुलीचा असेल तर उत्तम. आपल्या गल्लीत अशा हरकती घेणाऱ्या कमी नाहीत. बाहेर पडताना एक पेटी ठेवा, तळे, समुद्र की अवकाश, चिठ्ठी टाका. रसायनशास्त्र मतदानाने ठरत नाही, पण पोरे घरी जाताना भांडतील, आणि भांडायला मुद्दे लागतात म्हणून पुन्हा देखावा बघायला येतील. बाप्पावरचा प्रकाशझोत आहे तसाच राहू द्या, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही.

खर्च वाढणार नाही. गडगडाटाच्या साउंडसाठी धरलेले पैसे चिमण्यांकडे वळवा. निवेदनाचा नवा मसुदा मी लिहून देतो, रसायनांची नावे मुलांना उच्चारता येतील अशा बेताने. रविवारच्या बैठकीत पंधरा मिनिटे द्या. खजिनदारांनी घड्याळ खुशाल लावावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार आणि निवृत्त केमिस्ट,
पाचपाखाडी, ठाणे

ता. क. भाड्याच्या डायनासोरची अनामत भरून झाली आहे, असे आत्ताच कळले. पैसे परत मिळत नसतील तर त्याला प्रवेशद्वाराशी उभा करा, फोटो काढायला बरा. फक्त संहितेतून वगळा. जीवसृष्टीच्या इतिहासातला फार मोठा काळ एकपेशी जीवांचाच होता. हे धूड अगदी अलीकडचे, २३ कोटी वर्षांपूर्वीचे. त्याच्या मानेची मोटर गेल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळात दोन दिवसांत जळाली होती, तेवढी आधी तपासून घ्या.